स्पंज हा पाण्यातला जीव हालत नाही, तरी तो प्राणी कसा? आणि सगळ्या प्राण्यांचे भ्रूण सारखेच वाढतात का?

तुमचे दोन्ही प्रश्न वरून वेगळे दिसतात, पण मला त्यांचं मूळ एकच वाटतं. प्राण्याच्या पेशीला भिंत नसते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात विज्ञान शिकवते आणि वर्गात सुरुवात इथूनच करते.

पऱ्हाटीच्या पानातली प्रत्येक पेशी सेल्युलोजच्या भिंतीत बंद असते. जिथं तयार झाली तिथंच ती राहते. बुरशीलाही भिंत असते, कायटिनची. प्राण्याची पेशी मात्र मोकळी. तिला शेजारणीशी धरून ठेवायला कोलॅजेनसारखी प्रथिनं असतात, पण ती वाकते, सरकते, जागा बदलते. स्पंजही असाच. शिवाय तो पाण्यातले जीवाणू गाळून खातो आणि बहुतेक स्पंजांच्या अळ्या लहानपणी पोहतात. म्हणून तो प्राणी.

आता भ्रूण. फलित अंड्याच्या दोन पेशी होतात, मग चार, आठ. एकूण आकार वाढत नाही, पेशीच लहान होत जातात. पुष्कळ प्राण्यांत त्यातून आतून पोकळ असा पेशींचा चेंडू बनतो, तो ब्लास्टुला. पुढं हवा कमी झालेल्या चेंडूत अंगठा दाबावा तशी त्याची एक बाजू आत शिरते. झाडाला हे कधीच जमणार नाही, भिंती आड येतात! आपल्यासारख्या प्राण्यांत यातून तीन थर होतात. बाह्यस्तरातून कातडी आणि मेंदू, मध्यस्तरातून स्नायू, हाडं, रक्त, अंतःस्तरातून आतड्याचं अस्तर आणि यकृत. जेलीफिशमध्ये थर दोनच. तेव्हा सुरुवात बरीचशी सारखी, पुढच्या वाटा वेगळ्या.

कोंबडीत बलक एवढा मोठा, की चेंडूऐवजी त्याच्यावर पेशींची चपटी चकती बनते. अंडं घातलं जातं तेव्हाच तिच्यात हजारो पेशी असतात. गारव्यात वाढ थांबून राहते आणि ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा जमवलेली अंडी नुसती सपरीत ठेवली, तर कोंबडी बसायच्या आधीच भ्रूण अर्धवट वाढून मरतो. म्हणून माय ती माठाजवळ ओल्या रेतीवर ठेवते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर खुडूक कोंबडीला कुटाराच्या टोपल्यात अंड्यांवर बसवा. पाचव्या-सहाव्या रात्री अंधारात एक अंडं टॉर्चवर धरा. कवचाआड लाल शिरांचं कोळ्यासारखं जाळं दिसेल, मधोमध काळसर ठिपका. हृदय तर दुसऱ्याच दिवशी धडधडायला लागलेलं असतं. मुलांना पहिल्यांदा हे दाखवलं तेव्हा अख्खा वर्ग गप्प झाला होता. २१ दिवसांनी त्याच ठिपक्याचं पिल्लू कवच फोडून बाहेर येतं.

अंडं फार वेळ बाहेर धरू नका, बघून झालं की लगेच कोंबडीखाली सरकवा. शिरा दिसल्याच नाहीत तर ते फळलेलं नाही किंवा भ्रूण आधीच मेलेला आहे, बाजूला काढा.