लीक झालेले स्पेक्स, जी-५ आणि तुझी लग्नसराई

तुझं म्हणणं थोडक्यात असं: ग्वाल्हेरला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोस, मशीन आठ वर्षांचं झालंय, दीड लाखापर्यंत खर्चाची तयारी आहे. आणि नेमकं आत्ताच एका नव्या दणकट डेस्कटॉपचं लीक झालेलं पान सगळीकडे फिरतंय. कोअर किती, मेमरी किती, सगळे आकडे डोळे पांढरे करणारे. अर्धी मंडळी म्हणतात फोटोशॉप आहे, उरलेली अर्धी एफडी मोडायला निघालीत. तू विचारतोस, "लीक खरी आहे का दादा? खरी असेल तर थांबतो."

असेल रे खरी. खोटी असती तर बरंच सोपं झालं असतं. खरी निघाली तरी तुझा प्रश्न सुटत नाही, हेच मला सांगायचंय, आणि ते मी स्वतः भोगलेलं आहे. त्यामुळे थोडं पाल्हाळ सहन कर.

जून २००३. मी तेव्हा इथे इंदूरला एका डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवून देणाऱ्या, दुकानात कामाला होतो. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, दोन साप्ताहिकं. आमच्याकडे अ‍ॅपलचा जी-४ मॅक होता, ८६७ मेगाहर्ट्‌झच्या दोन प्रोसेसरचा. त्या मॉडेलला पंख्यांच्या आवाजामुळे जगभर लोक 'विंड टनेल' म्हणायचे. आमच्या मालकांशी फोनवर बोलणारा माणूस विचारायचा, गिरणीत बसलात का? २० जूनला, शुक्रवारी, आमचा ऑपरेटर सायबर कॅफेतून एक प्रिंटआउट घेऊन धावत आला. अ‍ॅपलच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात, जाहीर होण्याआधीच, नव्या मॅकचे स्पेक्स चुकून लागले होते. अमेरिकेत तेव्हा गुरुवारची रात्र. त्यांनी पान लगेच काढलं, पण तोवर पेपर फुटला होता.

पानावर होतं ते असं: १.६, १.८ किंवा दोन २ गिगाहर्ट्‌झचे जी-५ प्रोसेसर, १ गिगाहर्ट्‌झपर्यंतची प्रोसेसर बस (म्हणजे प्रोसेसरपर्यंत माल आणणारा रस्ता), ८ जीबीपर्यंत रॅम, शिवाय सीरियल एटीए, पीसीआय-एक्स, यूएसबी २ या जोडणीच्या सोयी. आज तुला हसू येईल. पण तेव्हाचा सगळ्यात वरचा जी-४ होता दोन १.४२ गिगाहर्ट्‌झचा, त्याची बस १६७ मेगाहर्ट्‌झची आणि रॅम जास्तीत जास्त २ जीबी. गंमत घड्याळाच्या वेगात नव्हतीच, बसमध्ये होती. आमच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, हलवायाची कढई कितीही मोठी असो, गल्लीतून दुधाची हातगाडीच आत येईना तर रबडी कुठून होणार? जी-४ ची तीच अवस्था होती. प्रोसेसर तयार, माल वाटेत. इथे रस्ताच एकदम सहापट रुंद झालेला दिसत होता.

म्हणूनच कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा दर दोन महिन्यांनी कुणीतरी घरी बसून असं पान बनवायचंच. मी छातीठोकपणे म्हणालो, खोटं आहे. पोहे-जिलेबीची पैज लावली. सोमवारी, २३ जूनला, स्टीव्ह जॉब्सने मंचावर आधी त्या फुटलेल्या पानावरच विनोद केला आणि मग तेच आकडे एकेक करून दाखवले. एकही चुकला नव्हता. पोहे-जिलेबीचे पैसे मी दिले.

तर लीक शंभर टक्के खरी. आता पुढचं ऐक.

त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं की हा मॅक ओएस नाइनवर, म्हणजे जुन्या सिस्टिमवर, सुरूच होणार नाही. आमचं सगळं दुकान नाइनवर उभं होतं. पानं जुळवायच्या क्वार्कएक्सप्रेसची टेनवर, म्हणजे नव्या सिस्टिमवर, धड चालणारी पहिली आवृत्ती, सहावी, त्याच जूनमध्ये आली. आमचे देवनागरी फाँट जुन्या एन्कोडिंगचे. टेनमध्ये जुने प्रोग्राम चालवायची 'क्लासिक' नावाची सोय होती, तिच्यात ते उघडायचे, पण मधूनच 'र्‍य' आणि 'क्ष' कुठेतरी पळून जायचे. दोन वर्षांच्या फायली पुन्हा तपासायला माणूस बसवावा लागला. १ गिगाहर्ट्‌झची बस त्यात काय करणार?

विजेचंही त्या पानावर काही नव्हतं. २००३ साली मध्य प्रदेशात लाइट जाणं म्हणजे काय, हे तुझ्या वडिलांना विचार. त्या वर्षीची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी'वर लढली गेली आणि त्यावरच सरकार पडलं. २००४ च्या सुरुवातीला आमच्याकडे जी-५ आला. १८ किलोला दोनशे ग्रॅम कमी, अ‍ॅल्युमिनियमचा, वर-खाली मुठी. बाजूचं दार काढलं की आत पारदर्शक प्लास्टिकचा एक पडदा, त्याच्या मागे चार कप्पे आणि एकूण ९ पंखे, प्रत्येक कप्प्याचं तापमान वेगळं सांभाळणारे. आणि शांत! जी-४ नंतर आम्हाला वाटलं मशीन बंदच आहे. लाइट गेल्यावर जुना यूपीएस जी-४ ला दहा मिनिटं सांभाळायचा. जी-५ वर मोठी फाइल प्रोसेस होत असताना लाइट गेला तेव्हा यूपीएसने एकच लांब शिट्टी मारली आणि सगळं अंधारात. यूपीएसवर लिहिलेले ६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात साडेतीनशे वॅटच्या आसपास, हे गणित त्या दिवशी शिकलो. पंचवीस पानांचा अहवाल गेला.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट पानावर नव्हती, ती मंचावरून आली: बारा महिन्यांत ३ गिगाहर्ट्‌झ. लीक नव्हे, खुद्द मालकाचं वचन. आमच्या ओळखीतले निदान तिघे त्या वचनावर थांबले, "आता कशाला घ्यायचा, वर्षभरात तीनचा येतोय." वर्षभराने आला २.५ चा, तोही पाण्याने थंड करावा लागणारा, कारण चिप बनवणाऱ्या आयबीएमला ९० नॅनोमीटरच्या बारीक घडणीवर ती हवी तशी थंड ठेवता येईना. २००५ च्या एप्रिलला २.७. त्याच जूनमध्ये अ‍ॅपलने सांगून टाकलं की आम्ही इंटेलकडे चाललो. ३ गिगाहर्ट्‌झचा मॅक आला तो ऑगस्ट २००६ मध्ये, मॅक प्रो, आत इंटेलचा झिऑन प्रोसेसर. थांबलेले तिघे तीन वर्षं जी-४ च्या गिरणीत बसून राहिले.

मशीन वाईट होतं असं समजू नकोस. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने ११०० जी-५ एकत्र जोडले आणि नोव्हेंबर २००३ च्या सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत तिसरा नंबर काढला. अस्सल माल होता. पण आपण लग्नपत्रिका छापत होतो.

तेव्हापासून मी लीक बघतो ती खरी-खोटी या नजरेने नाही. पान कुठून आलं आणि ते काय सांगत नाही, एवढंच बघतो. कंपनीच्या दुकानातून किंवा मदतीच्या कागदांतून फुटलेलं बहुतेक वेळा तंतोतंत असतं. बेंचमार्कच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांच्या, नोंदी येतात चाचणीच्या नमुन्यांवरून. त्यांचे वेग कमी-जास्त असतात आणि नाव कुणालाही काहीही टाकता येतं. एक प्रकार तर आपल्या देशाचाच. मध्यंतरी झौबा नावाच्या साइटवर भारताच्या आयात-निर्यातीच्या नोंदी दिसायच्या आणि हैदराबाद-बंगळुरूला चाचणीसाठी उतरलेल्या ग्राफिक्स कार्डांच्या ओळी त्यातून जगभर जायच्या. पुढे रुपयांत लिहिलेली किंमत. अमेरिकेतले लोक त्या रुपयांचे डॉलर करून कार्ड केवढ्याला पडणार हे ठरवायचे! अरे भिया, ती कस्टमला दाखवायची किंमत, तिचा दुकानातल्या भावाशी काय संबंध?

अलीकडचंही बघ. २०२२ साली एनव्हीडियाचं ४०९० हे ग्राफिक्स कार्ड यायच्या आधी महिनोन्‌महिने ६०० वॅट, ६०० वॅट चाललं होतं. माझ्या एका मित्राने आधीच १२०० वॅटचा पॉवर सप्लाय घेऊन ठेवला. कार्ड आलं ४५० वॅटचं. त्याच मोसमात ४०८० चं १२ जीबीचं मॉडेल जाहीर झालं, किंमतीसकट, आणि बाजारात यायच्या आधीच महिन्याभरात मागे घेतलं. पुढे तेच ४०७० टीआय म्हणून विकलं. म्हणजे लीक सोड, अधिकृत पानही पुसलं जातं. उलट ५०९० ची लीक खरी निघाली, ३२ जीबी, ५१२ बिटची बस. पण भारतातली जाहीर किंमत २ लाख १४ हजार, आणि पहिले कितीतरी महिने त्या भावात ते हाती लागणं म्हणजे लॉटरी. मॅक स्टुडिओ या डेस्कटॉपात तर सगळे एम-४ अल्ट्रा चिप गृहीत धरून बसले होते. मार्च २०२५ मध्ये आला एम-३ अल्ट्रा.

आता तुझ्याकडे येतो. तू लिहिलंस की नवा कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ (रंगांची जास्त माहिती ठेवणारा, घट्ट दाबलेला व्हिडिओ) रेकॉर्ड करतो आणि टाइमलाइनवर वरमाला अडकते. नवरी हात वर करते आणि तिथेच थिजते. तुझं दुखणं नेमकं हेच आहे आणि त्याला कोअरच्या संख्येचा फारसा उपयोग नाही. असा व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये त्यासाठीचा खास भाग असावा लागतो. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ११ व्या पिढीपासून तो आतल्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हीडियाने तो ५० मालिकेत दिला, ४० मालिकेत नाही. म्हणजे ४:२:२ साठी ५०६० सारखं साधं कार्डही ४०९० जे करत नाही ते करतं. अ‍ॅपलच्या एम चिपांतही आहे. तू चिकटवलेलं पान मी तीनदा वाचलं. त्यात याबद्दल एक अक्षर नाही.

इथे एक खड्डा आहे. दुकानदार दोन-तीन हजार कमी करून इंटेलचा शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर गळ्यात मारेल. त्यात आतलं ग्राफिक्सच नसतं, मग तो खास भागही गेला. बिलावर ते अक्षर बघ. सिल्व्हर मॉलमध्ये माझ्यासमोर एका पोराला असाच दिला होता, आणि वर "एफ म्हणजे फास्ट" असं सांगितलं.

थांबणं फुकट नसतं, हाही हिशोब कर. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्या वर गेले, कारण मेमरी सगळी एआयच्या डेटा सेंटरांकडे वळली. डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल हा आपल्यासारख्या गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. "दिवाळीनंतर स्वस्त होईल" म्हणणारे अजून म्हणतायत. तुळशीचं लग्न झालं की तुझ्या तारखा लागतील. लीकमधला डेस्कटॉप तोवर जाहीर झाला तरी ग्वाल्हेरच्या दुकानात नसेल, आणि असला तरी दीड लाखात नसेल.

मी असतो तर हे केलं असतं: 'एफ' नसलेला मधल्या फळीतला इंटेल, १६-१६ जीबीच्या दोन रॅम (चार काड्या भरल्या की आजच्या डीडीआर-५ रॅमचा वेग उतरतो), चालू कामासाठी २ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी, आणि पैसे उरले तर ५० मालिकेतलं छोटं कार्ड. सगळ्यात वरच्या चिपच्या नादी लागू नकोस. इंटेलच्या १३९००के च्या कागदावर १२५ वॅट असतात, पूर्ण जोरात तो २५३ वॅट ओढतो, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्या खोलीत तुलाही बसायचंय. यूपीएस प्युअर साइन वेव्हचा घे. आजच्या बऱ्याच पॉवर सप्लायना स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही, लाइट गेल्यावर बदल होतानाच मशीन बंद पडू शकतं. त्या पंचवीस पानांची शपथ, इथे काटकसर करू नकोस.

बाकी लीक वाचणं सोडू नकोस. मीही सोडलेलं नाही, काल रात्री बारापर्यंत तेच पान बघत होतो. बायको विचारत होती, कुणाची पत्रिका जुळवताय?

शनिवारी दुकानात जाशील तेव्हा पेनड्राइव्हवर त्या वरमालेचीच क्लिप घेऊन जा, मूळ फाइल, कन्व्हर्ट केलेली नको. त्यांच्या डेमो मशीनवर तुझ्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकायला लाव आणि टाइमलाइन मागे-पुढे ओढून बघ. आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर, शेवटच्या अक्षरासकट, इथे लिही.