वाचक विचारतात: पर्यावरणाची बातमीदारी शिकायची कुठे?

प्रश्न : ताई, मी नुकतीच एका न्यूज पोर्टलला लागलेय, शिक्षण साहित्यातलं. पर्यावरण बीट माझ्याकडे आलं कारण दुसऱ्या कुणाला नको होतं. ऑफिसमधे शिकवणारं कोणी नाही, दोन फेलोशिपना अर्ज केले, दोन्ही रिजेक्ट. विज्ञानाची डिग्री करू का आता?

उत्तर : डिग्री नको गं, त्यात वर्षं जातील आणि बीट दुसऱ्याला जाईल. साहित्य शिकलीयेस म्हणजे लिहिता येतं, आता आकडा वाचायला शिक. पीएम २.५ चंच घे, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) २०२१ ची मर्यादा घनमीटर हवेमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, पण ती वर्षाच्या सरासरीची, २४ तासांसाठी १५ आहे. आता कोणीतरी दुपारी बाराचं मीटर बघतो, त्याला ५ ने भागतो आणि 'मर्यादेच्या वीस पट' अशी हेडलाईन ठोकतो. तासाभराचं रीडिंग आणि वर्षाची सरासरी यांची तुलनाच होत नाही, आणि ज्या कारखान्यावर बातमी असते त्यांचा माणूस नेमकं हेच पकडतो, मग बाकीची खरी बातमीसुद्धा गेली.

पुराचंही तेच. 'हवामान बदलामुळे पूर आला' असं एका वाक्यात लिहून मोकळं होता येत नाही. वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन हा टोकाच्या हवामानात हवामान बदलाचा वाटा किती ते तपासणारा गट आहे, त्याचे शास्त्रज्ञ असा पाऊस आता किती जास्त शक्य झालाय, किती जोराचा झालाय, एवढंच काढतात, तेही काढता आलं तर. नाला बुजवला कोणी, धरणाचं पाणी कधी सोडलं, हे त्यांच्या गणितात नसतं, ते तुलाच शोधायचंय. शोधनिबंध वाचताना सारांशावर थांबू नकोस, शेवटी संशोधकांनी आपल्याच कामाच्या मर्यादा लिहिलेल्या असतात तो भाग आधी वाच, चांगले प्रश्न तिथे सापडतात.

आता फेलोशिप. तुझे अर्ज मी पाहिलेले नाहीत, पण असले बरेच अर्ज एकाच कारणाने जातात, विषय पाठवलेला असतो, बातमी नाही. 'नदीप्रदूषण' हा विषय. सांडपाणी प्रकल्पाची क्षमता किती, तिथे रोज येतं किती आणि उरलेलं कुठे सोडतात, ही बातमी. दुसरं म्हणजे स्टोरी ग्रँट, म्हणजे एखाद्या बातमीसाठी पैसे, देणारे बऱ्याचदा संपादकाचं पत्र मागतात, की झाली तर आम्ही छापू. ते आधीच घेऊन ठेव.

कुठे बघायचं? इंटरन्यूज या माध्यमांना मदत करणाऱ्या संस्थेचं अर्थ जर्नलिझम नेटवर्क २००४ पासून आहे, मेंबरशिप फुकट, ग्रँट आणि ट्रेनिंग दोन्ही असतं. मोंगाबे या पर्यावरणाच्या बातम्या देणाऱ्या साईटची सहा महिन्यांची फेलोशिप तर उष्ण कटिबंधातल्या नवख्या पत्रकारांसाठीच आहे. रॉयटर्स इन्स्टिट्यूटने २०२२ मधे ऑक्सफर्ड क्लायमेट जर्नलिझम नेटवर्क सुरू केलं, ते ऑनलाईन. निवडताना मात्र एवढंच बघ की कोर्स संपल्यावर तुझी कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, कोणी वाचणार आहे का. दोन दिवस हॉटेल, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट आणि बाय बाय, असल्या वर्कशॉपचा मला मनापासून कंटाळा आहे. एक मेंटॉर जो तुझी बातमी तीनदा परत पाठवतो तो असल्या सगळ्यांपेक्षा भारी. आणि कोणी निवडेपर्यंत हात बांधून बसू नकोस, युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो फुकट आहेत, दहा मीटरपर्यंतचं दिसतं, तुझ्या बीटमधल्या एखाद्या खाणीचे दोन वेगवेगळ्या वर्षांचे पण एकाच महिन्यातले फोटो शेजारी ठेवून बघ.

प्रश्न : बेकायदा वाळू उपशावर स्टोरी करतोय. संपादक म्हणतात जा, पण जपून. जपून म्हणजे नेमकं काय?

उत्तर : हे तर त्यांनी सांगायला हवं होतं! युनेस्कोने २०२४ मधे मोजलं तेव्हा २००९ ते २०२३ या काळात पर्यावरणावर काम करणारे किमान ७४९ पत्रकार आणि माध्यमं हल्ल्यांचं लक्ष्य झाली होती, ४४ पत्रकार मारले गेले. हल्ला म्हणजे मारहाणच नव्हे, अटक, कोर्टकेस, ऑनलाईन छळही त्यात आला. ब्राझीलच्या जावारी खोऱ्यात २०२२ मधे ब्रिटिश पत्रकार डॉम फिलिप्स मारले गेले, ते काही नवखे नव्हते, सोबत तो भाग नीट ओळखणारे, आदिवासींसाठी काम करणारे ब्रुनो परेरा होते, तेही गेले.

तेव्हा निघण्याआधी संपादकांना लेखी विचार, की मी ठरल्या वेळी फोन केला नाही तर किती वेळाने, कोण, कोणाला फोन करणार? नोटीस आली तर वकिलाचा खर्च कोणाचा? उत्तर आलं नाही तर तू जायचं नाहीस, साधं आहे. एकटा जाऊ नकोस, लोकेशन लाईव्ह टाकू नकोस, फुटेजची कॉपी त्याच दिवशी दुसरीकडे जाऊ दे. आणि ज्याने तुला जागा दाखवली तो तिथेच राहणार आहे रे, तू बातमी छापून मोकळा होशील. त्याचं नाव, आवाज, घराची भिंतसुद्धा फोटोत येणार नाही हे बघ, बायलाईनपेक्षा ते महत्त्वाचं.

प्रश्न : संस्थेच्या ग्रँटवर बातमी केली तर सिनियर म्हणतात तू ॲक्टिव्हिस्ट झालास. खरंय का?

उत्तर : पैसे देणारा छापायच्या आधी कॉपी बघायला मागतो का? मागत असेल तर घेऊ नकोस. नसेल मागत तर बातमीखाली ग्रँट कोणाची ते स्पष्ट लिही आणि कामाला लाग. आणि त्या सिनियरना विचार, कंपनीच्या खर्चाने प्रकल्प बघायला गेले होते तेव्हा बातमीखाली काय लिहिलं होतं.