ऑपरेशननंतरचा त्रास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाबांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, केमो, रेडिएशन पण झालं, पोटावरची पिशवी बंद केली, रिपोर्ट चांगले आहेत. पण दिवसातनं सात-आठ वेळा संडासला जावं लागतं, उठून आले की दहा मिनिटांत परत. बेळगावला एसटीनं यायचं म्हटलं तर सकाळपासनं उपाशी. पाय बधिर, चप्पल निसटली तरी कळत नाही. कॅन्सर परत आला काय? (खानापूर)

उत्तर : ताई, दोन्ही त्रास या उपचारांनंतर पुष्कळांना होतात, त्यामुळं तेवढ्यावरनं कॅन्सर परत आला असं समजू नका. पण रक्त पडतंय, वजन उतरतंय, त्रास अचानक वाढलाय असं असेल तर लगेच दाखवा, आणि सीईए (रक्ताची तपासणी), सीटी, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी) ठरल्या वेळी कराच.

गुदाशय काढला की मळ साठवायची जागाच जाते, त्यात रेडिएशननं आतडं कडक होतं, म्हणून थोडं थोडं आणि घाईनं होतं. उपाशी राहून हे थांबत नाही, उलट अशक्तपणा येतो. इसबगोल, लोपेरामाइड (जुलाब थांबवायची गोळी), ओटीपोटाच्या तळाच्या, संडास आवळून धरणाऱ्या स्नायूंचे व्यायाम यानं बऱ्याच जणांना फरक पडतो, फक्त गोळीचा डोस डॉक्टरांना विचारून. बाबा लाजून बोलणार नाहीत, तुम्हीच सांगा.

केमोत ऑक्सॅलिप्लॅटिन होतं काय ते कागदात बघा, बधिरपणा बहुतेक त्याचाच, वर्षानुवर्षं राहू शकतो. दुखत असेल तर ड्युलॉक्सेटिन हे औषध उपयोगी पडतं, नुसत्या बधिरपणाला नाही. शुगर, बी-१२ तपासा. मागं पट्टा असलेली चप्पल घ्या, रोज रात्री तळपाय बघा, आणि शेकायला गरम पाणी देताना तुम्ही हात घालून बघा, त्यांना चटका कळणार नाही.

आणि तुमची, भावंडांची कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी, किंवा बाबांना ज्या वयात निदान झालं त्याच्या 10 वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा.