'डॉक्टर, बाकीचे पुढच्या महिन्यात देतो'

घरातल्या कुत्र्यामांजरांच्या आजारपणाचा खर्च, हा विषय घेऊन पूर्वी माझ्यासारख्या समुपदेशकाकडे कुणी येत नसे. आता येतात. अर्थात सुरुवात त्या विषयाने होत नाही. झोप लागत नाही, घरात धुसफूस चालली आहे, मुलगी बोलत नाही, असं काहीतरी सांगतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळतं की या सगळ्याच्या मुळाशी प्राण्यांच्या डॉक्टरांचं एक बिल आहे. पिल्लाला पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला, गोचीड तापाने प्लेटलेट्स उतरल्या, बोक्याची लघवी अडली. डॉक्टरांनी आकडा सांगितला आणि खात्यात तेवढे पैसे नव्हते. मग प्रश्न येतो, हलक्या आवाजात: "मॅडम, नंतर देतो असं डॉक्टरांना कसं म्हणायचं हो?"

हा प्रश्न पैशांचा वाटतो. माझ्या मते तो निम्माच पैशांचा असतो.

सासऱ्यांची अँजिओप्लास्टी असेल तर आपण भावाला, मेव्हण्याला, ऑफिसातल्या मित्राला बिनदिक्कत फोन करतो. कुत्र्यासाठी कुणाला फोन करणार? "कुत्र्यासाठी पंचवीस हजार? वेड लागलंय का?" हे वाक्य पलीकडून येण्याआधीच आपल्या कानात वाजतं. म्हणजे लाज दोन बाजूंनी: पैसे नाहीत याची एक, आणि असल्या कारणासाठी मागतोय याची दुसरी. या दुहेरी लाजेत माणूस सगळ्यात वाईट निर्णय घेतो. तो थांबतो. सकाळपर्यंत बघू, म्हणतो.

आता वसंतरावांबद्दल सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटींमधलं थोडंसंच इथे लिहिते आहे.

वसंतराव साताऱ्याचे. एका पतसंस्थेतून निवृत्त झालेले, आणि शेवटची बरीच वर्षं वसुली विभागात काढलेली. भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-95 योजनेची पेन्शन जेमतेम अडीच हजार, म्हणून एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायला जातात. त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या त्यांच्या पत्नी. तक्रार अशी की हे रात्र रात्र जागे असतात, फोन वाजला की दचकतात आणि बाजारात जायचं म्हटलं की गावाला वळसा घालतात.

घरात राणी नावाची कुत्री, नऊ वर्षांची. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती खूप पाणी प्यायला लागली, खाणं सुटलं, उलट्या झाल्या. वसंतरावांनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ती उठेना तेव्हा रिक्षात घालून दवाखान्यात नेली. गर्भाशयात पू झाला होता, ताबडतोब ऑपरेशन करावं लागलं. सोनोग्राफी, रक्ततपासणी, ऑपरेशन, सलाईन मिळून बिल 26 हजार. यांनी 10 हजार भरले, "उद्या येतो" म्हणाले, राणीला घरी आणलं आणि त्यानंतर गेलेच नाहीत.

"टाके?" मी विचारलं.

"ते तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून काढून आणले. यांच्याकडे कुठल्या तोंडाने जाणार?"

"डॉक्टरांचा फोन आला का?"

"सारखा येतो. मी उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पण काय काय पाठवलंय, उघडलं नाही."

आम्ही तिथेच बसून ते उघडलं. मी काही जादू करत नाही, पण न उघडलेला मेसेज माझ्यासमोर उघडायला लावते. चार मेसेज होते. पहिला: राणी जेवते का? दुसरा: टाके काढायला कधी आणता? तिसरा गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा असं सांगणारा. चौथा बिलाच्या बाकीचा. वसंतरावांनी चारही वाचले आणि म्हणाले, "शेवटी पैशांवर आलेच ना." पहिले तीन त्यांना दिसलेच नाहीत. भीती बसली की माणूस असंच वाचतो.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची माणूस आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली ही पद्धत मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. ती सांगते की प्रसंग आपल्याला त्रास देतो त्याहून जास्त त्रास त्या प्रसंगाबद्दल आपण मनात धरलेला हट्ट देतो. वसंतरावांचा हट्ट दुसऱ्या भेटीतच समोर आला: "आयुष्यात कुणाचं देणं ठेवलं नाही. ज्याने ठेवलं त्याला मी माणसात धरलं नाही." देणं राहू नये ही चांगली इच्छा आहे. पण राहिलं तर मी माणसात नाही, हा हट्ट झाला. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि काहीही बदललं नाही. शहाणपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पटतं, पण अंगी लागत नाही, हे इतक्या वर्षांत मला पक्कं ठाऊक झालंय. म्हणून मी वाट बदलली.

"वसंतराव, मला तुमचं काम शिकवा. कर्जदार किती प्रकारचे असतात?"

ते पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले. आवाज बदलला. "तीन. एक, हप्ता चुकायच्या आधी येऊन सांगणारा. दोन, चुकल्यावर बोलावलं की येणारा. तीन, आपण दिसलो की गल्ली बदलणारा."

"पहिल्याचं काय करायचात?"

"त्याला चहा सांगायचो. चेअरमनशी बोलून मुदत वाढवून द्यायचो. असा माणूस सहसा बुडवत नाही."

"आणि तो आल्यावर तुमच्या मनात काय यायचं? हा कंगाल, लाचार, असं?"

"छे! उलट वाटायचं, माणूस व्यवहाराला पक्का आहे."

"आणि गल्ली बदलणारा?"

"मॅडम, त्याच्याकडे पैसे नसतातच असं नाही. पुष्कळदा असतात. तोंड नसतं."

मग ते थांबले. मीही काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. नवखे समुपदेशक इथे घाईने अर्थ सांगून मोकळे होतात आणि समोरच्याच्या हातातला घास आपण खातात. बराच वेळ गेला. वसंतराव चष्मा काढून रुमालाने पुसत राहिले, दोन्ही काचा, मग दांड्या. मग म्हणाले, "मी पोवई नाक्यावरून जात नाही हल्ली. दवाखाना तिकडेच आहे."

"म्हणजे कितव्या प्रकारात?"

"तिसऱ्या." आणि ते हसले. खरं हसले.

मला त्या क्षणी जे उमगलं ते नंतर अनेकांच्या बाबतीत कामाला आलं. मागायचं कसं हे शिकवण्याची बहुतेकांना गरजच नसते. प्रत्येकाने कधी ना कधी टेबलाच्या पलीकडे बसून कुणाचं तरी मागणं ऐकलेलं असतं: दुकानदाराने, शिक्षिकेने, घरमालकाने, घरकामाच्या ताईंना उचल देणाऱ्या बाईने. तेव्हा कुणाचं मागणं आपल्याला रास्त वाटलं आणि कुणाचं खुपलं, हे आठवलं की आपलं वाक्य आपोआप तयार होतं.

वसंतरावांनी ते घरून लिहून आणलं, अगदी वसुलीच्या कागदासारखं: एकूण बिल 26 हजार, भरलेले 10, बाकी 16. दरमहा 4 हजार, चार हप्ते, दर महिन्याच्या 10 तारखेला, कारण दुकानाचा पगार 7 ला होतो. खाली सही आणि मोबाइल नंबर. मी त्यातली दोनच वाक्यं काढायला लावली: "आम्ही गरीब माणसं" आणि "देव आपलं कल्याण करो". पहिल्याने डॉक्टरांवर दया करायची सक्ती होते, दुसऱ्याने उपकाराची पावती फाडली जाते. व्यवहारात दोन्हींचं काम नाही. पुढच्या तारखांचे चेक देतो, असंही ते म्हणत होते. त्यावर मी काही बोलायच्या आत त्यांनीच ते खोडलं. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खाली गुन्हा होतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

डॉक्टरांनी कागद वाचला, हो म्हणाले, राणीची जखम बघायला मागितली. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलले: दोन दिवस आधी आणली असती तर ती इतकी खालावली नसती, सलाईनचे आणि औषधांचे पैसे वाचले असते. लाजेचीही किंमत असते आणि ती त्याच बिलात लागून येते.

आता तुमच्यापैकी ज्यांच्यावर ही वेळ आज-उद्या येईल त्यांच्यासाठी थोडं सरळ सांगते.

फोन आधी करा, पैशांची जुळवाजुळव नंतर. बोका लघवीला बसतो आणि थेंब येत नाही, मोठ्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं आहे आणि उमाळे येऊनही उलटी पडत नाही, माजानंतर कुत्री पाणी फार पिते आणि खात नाही, या गोष्टींना सकाळ परवडत नाही. बोक्याच्या बाबतीत तर दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

खर्चाचं बोलणं उपचार सुरू होण्याआधी करा, डिस्चार्जच्या काउंटरवर नको. तिथे डॉक्टरांची औषधं वापरून झालेली असतात, त्यांच्याकडे पर्याय उरलेला नसतो आणि त्यांना फसवल्यासारखं वाटतं. आधी बोललात तर एक फार उपयोगी प्रश्न विचारता येतो: "आज रात्री काय केलंच पाहिजे आणि काय उद्यावर ढकलता येईल?" पार्व्होच्या पिल्लाला भरती करणं उत्तमच, पण ते झेपत नसेल तर रोज सलाईनला आणून चालेल का, हे विचारण्यात काही गैर नाही. डॉक्टर कधी हो म्हणतील, कधी नाही.

माझ्याकडे आज इतके आहेत, बाकीचे अमुक तारखेला देतो. एवढंच वाक्य. आज द्यायला थोडे तरी हवेत, आणि तारीख अशी हवी की जी तुम्ही पाळू शकाल. घाबरून लवकरची तारीख देणारे पुष्कळ भेटतात. मोडलेली तारीख न दिलेल्या तारखेपेक्षा वाईट.

डॉक्टर नाही म्हणू शकतात. भुलीची औषधं, लॅबची तपासणी, रात्रपाळीचा माणूस, हे सगळं त्यांना रोखीत भागवावं लागतं आणि "उद्या येतो" म्हणून गेलेले त्यांनी खूप पाहिलेले असतात. तो नकार तुमच्यावरचा निकाल नाही. एका मुलीला असाच नकार मिळाला. तिने, आम्ही ठरवलं होतं तसं, लगेच पुढचा प्रश्न विचारला: "मग कमी खर्चात हे कुठे होईल, तुम्ही कुठे पाठवाल?" डॉक्टरांनी स्वतः फोन लावून दिला. आपल्याकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. मुंबईत परळलाच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जुनं धर्मादाय रुग्णालय आहे. खासगीपेक्षा खर्च साधारण कमी, पण गर्दी आणि वेळा सांभाळाव्या लागतात, म्हणून निघण्याआधी फोन करा.

रात्री दोन वाजता मोबाइलवरच्या कर्ज अ‍ॅपला मात्र हात लावू नका. लावलाच तर कर्ज देणारी बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था कोणती हे बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे एकूण वार्षिक खर्चाचा तक्ता आधी दाखवणं बंधनकारक आहे; तो दिसत नसेल तर बंद करा. त्यापेक्षा बँकेतलं सोनेतारण बरं, फक्त बायकोला सांगून. विम्याचं विचाराल तर आजार झाल्यावर घेतलेला विमा त्या आजाराला उपयोगी पडत नाही. आणि कुत्रीची वेळेवर नसबंदी केली असती तर वसंतरावांवर ही वेळ जवळजवळ नक्कीच आली नसती. हे मी त्यांना सांगितलं नाही, ते त्यांना डॉक्टरांनी सांगितलं.

सगळं करूनही काही वेळा पैसे उभे राहत नाहीत, किंवा राहिले तरी प्राणी वाचत नाही. माझ्यासमोर बसून "मी गरीब म्हणून तो गेला" असं म्हणणाऱ्यांना मी घाईने समजावत नाही. त्यांनी काय काय केलं ते त्यांच्याकडून क्रमाने सांगवून घेते. यादी बहुधा त्यांना वाटते त्याहून लांब निघते. डॉक्टरांनी वेदनेतून सोडवण्याचा पर्याय सुचवला आणि तुम्ही तो घेतलात, तर तोही उपचारातलाच एक निर्णय आहे.

वसंतरावांचे तीन हप्ते वेळेवर गेले. चौथ्या महिन्यात दुकानदाराने पगार लांबवला, तर हे 8 तारखेलाच दवाखान्यात जाऊन "15 ला देतो" असं सांगून आले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, फोन केला असता तरी चाललं असतं." तिथून ते थेट माझ्याकडे आले, ठरलेली शेवटची भेट होती, आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, तुमची आजची फी अर्धी आता, अर्धी 15 तारखेला. चालेल?"

मी हो म्हटलं आणि त्यांच्यासमोर वहीत तारीख लिहून घेतली.