गावाकडची सामायिक जमीन सोलर-पवनचक्की-बॅटरीच्या प्रोजेक्टला भाड्याने द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही राहता भांडुपला, गावी 22 एकर सामायिक जिरायत आहे, कसतो चुलतभाऊ, आणि एक एजंट सोलर, पवनचक्की आणि बॅटरी असा एकत्र प्रोजेक्ट होणार म्हणून सह्या मागतोय. माझी केस जवळपास अशीच होती, मी मुलुंडला आणि जमीन सांगलीच्या जत तालुक्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत, द्या, पण एजंटने आणलेल्या कागदावर नका देऊ.

आधी हे विचारा की तुमच्या गटात नक्की काय येणार, कारण तिघांना जमीन अगदी वेगवेगळी लागते. सोलरला 1 मेगावॉटमागे साधारण 4 एकर जातात आणि ते सगळे तारेच्या कुंपणात, तिथं पुढची 25-30 वर्षं शाळू नाही की हरभरा नाही. पवनचक्कीला पाया, क्रेन उभी करायची जागा आणि रस्ता मिळून एक-दोन एकर, बाकीच्या रानात पीक घेता येतं, आमच्या भागात ढालगावकडे चक्क्यांच्या खाली शेती चालूच आहे. फक्त तिचं पातं लांबच्या लांब ट्रेलरवर येतं त्यामुळे वळणावरचे बांध फुटतात, त्याची भरपाई आधीच लिहून घ्या. बॅटरीला जागा सगळ्यात कमी, 20 फुटी कंटेनर असतात, आता एकेकात साधारण 5 मेगावॉट-तास, म्हणजे 5,000 युनिट वीज मावते, ते सबस्टेशनच्या कडेला ओळीने ठेवतात. त्यांना थंड ठेवणारे पंखे आवाज करतात आणि आगीचा धोका कमी असला तरी शून्य नाही, म्हणून वस्तीपासून लांबच पाहिजेत.

हे तिन्ही एकत्र का करतात तेही समजून घ्या, म्हणजे बोलताना आपली बाजू भक्कम राहते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे सोलरची वीज कमी होते आणि नेमका तेव्हाच आपल्या पठारावर वारा जोरात असतो, त्यामुळे सबस्टेशनला जाणारी एकच लाईन वर्षभर जास्त भरलेली राहते. आणि दुपारची उरलेली वीज बॅटरीत भरून ती अंधार पडल्यावर विकायची. आपण लोकलमधून उतरून घरी जाऊन एसी लावतो ना, तेव्हा सूर्य मावळलेला असतो, त्या तासांना एक्सचेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, वीज कधीकधी 10 रुपये युनिटच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकते. म्हणजे बॅटरीखालची जागा लहान असली तरी कंपनीच्या दृष्टीने मोलाची आहे, तिचं भाडं सोलरच्या दराने घेऊ नका. अजून एक, केंद्राच्या 2018 च्या हायब्रिड (सोलर-पवन एकत्र) धोरणात दोन्हीपैकी एकाची क्षमता दुसऱ्याच्या किमान 25% पाहिजे असं आहे. तेव्हा सोलर किती, वारा किती हे आकडे मागा, बऱ्याचदा नाव तिघांचं घेतात आणि येतं फक्त सोलर.

आता आमचं काय चुकलं ते. आम्ही पाच हिस्सेदारांनी थोडं टोकन घेऊन एका ऑप्शन ॲग्रीमेंटवर सह्या केल्या, म्हणजे जमीन कंपनीसाठी राखून ठेवायची, भाड्याने घ्यायची की नाही ते ती नंतर ठरवणार, आणि त्यात मुदतच नव्हती. कंपनीला सबस्टेशनमध्ये जोडणी मिळाली नाही आणि जमीन तीन वर्षं तशीच अडकली, भाडं नाही, दुसऱ्याला देता येईना, आणि चुलतभाऊ डाळिंब लावणार होता त्याने लावलं नाही, आज-उद्या काम सुरू होईल म्हणून. शेवटी वकिलाची नोटीस देऊन सुटलो. तेव्हा कळलं की माती कशी आहे याच्याशी कंपनीला फारसं घेणं नसतं, सबस्टेशन किती किलोमीटरवर आहे आणि तिथं आणखी वीज घ्यायची क्षमता शिल्लक आहे का यावरच सगळं ठरतं. म्हणून जोडणी मंजूर झाल्याचं पत्र दाखवा म्हणावं, आणि ते नसेल तर ऑप्शन फार तर एक वर्षाचा, तोही पैसे घेऊनच.

दुसऱ्यांदा आम्ही शहाणपणाने केलं. वारस नोंदी आणि मोजणी आधी पूर्ण केली, सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव असेल तर पुढे सगळंच अडतं. भाडेपट्टा रजिस्टर केला, एका वर्षाच्या वरचा रजिस्टरच करावा लागतो. कंपनीने कर्जासाठी बँकेकडे गहाण ठेवायचे ते फक्त भाडेपट्ट्याचे हक्क, जमीन नाही, असं स्पष्ट लिहून घेतलं. शेवटी पॅनेल, केबल, पवनचक्कीच्या पायाचं काँक्रीट काढून रान मोकळं करून द्यायचं आणि त्यासाठी पैसे आधीच बाजूला ठेवायचे हेही घातलं, यावर त्यांनी बरीच खळखळ केली पण आम्ही सोडलं नाही. भाड्याचा अंदाज हवा असेल तर सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला 1,25,000 आणि दरवर्षी 3% वाढ आहे, म्हणजे एकरी साधारण 50,000. त्याच्या खाली कशाला जायचं?

आणि चुलतभावाचं आधी बघा, हे मी अगदी मनापासून सांगतोय. आपण मुंबईत बसून सही करतो, आपल्या खात्यात भाडं येतं, पण त्याचं रोजचं काम जातं, गुरांचा चारा जातो. आमच्याकडे विहिरीजवळचे 4 एकर प्रोजेक्टमधून वगळले आणि ते त्यालाच कसायला दिले, शिवाय भाड्यात त्याला त्याच्या हिश्श्यापेक्षा जास्त टक्के ठरवले आणि ते घरातल्या घरात स्टॅम्पपेपरवर लिहिलं, कंपनीबरोबर पहिली मीटिंग व्हायच्या आधी.