पहिल्या पावसाचे काळे पाणी

प्रश्न : आमचे गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी आहे. गावातून जाणारा रस्ता रुंद झाल्यापासून त्याच्या गटाराचे पाणी थेट नाल्यात आणि तेथून नदीत जाते. पहिल्या पावसात या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. ते रस्त्याकडेच्या जुन्या विहिरीत सोडून पुनर्भरण करावे, असे ग्रामस्थांच्या मनात आहे. हे योग्य होईल काय?

उत्तर : विहिरीचा विचार कृपया सोडून द्यावा. छपरावरचे पाणी विहिरीत सोडतात म्हणून रस्त्यावरचेही चालेल, असे नाही. रस्त्यावर इंजिनातून ठिबकलेले तेल, धुरातील काजळी, टायर झिजून पडणारी जस्तयुक्त भुकटी आणि ब्रेकच्या झिजेतून येणारे तांब्यासारखे धातू साचत असतात. खानदेशात पावसाळा सरल्यावर जवळजवळ आठ महिने सलग पाऊस नसल्याने हा थर जूनपर्यंत तसाच राहतो आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींत एकदम वाहून जातो. त्याच वेळी नदीचे पात्रही कोरडे असल्यामुळे त्याची तीव्रता कमी करणारे पाणी तेथे नसते. सांडपाण्यातील बरीचशी घाण कालांतराने कुजून जाते, धातू मात्र कुजत नाहीत. विहिरीत सोडलेले असे पाणी मातीच्या थरांतून गाळले न जाता भूजलात पोहोचते. शिवाय 1974 च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यातील कलम 24 प्रदूषक द्रव्य जाणूनबुजून प्रवाहात सोडण्यास जशी मनाई करते, तशीच ते विहिरीत सोडण्यासही करते.

उपाय पहिले पाणी अडवण्यात आहे. 500 मीटर लांब व 7 मीटर रुंद रस्त्यावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे 35 हजार लिटर पाणी जमते. गटार नाल्याला मिळण्यापूर्वी 7 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि 1 मीटर खोल खड्डा केल्यास एवढे पाणी त्यात मावते. धातूंचा मोठा भाग बारीक धुळीला चिकटलेला असल्यामुळे पाणी संथ झाले की तो तळाशी बसतो. तेल मात्र तरंगते. म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपाला आतल्या बाजूने कोपरा जोडून त्याचे तोंड पाण्याखाली ठेवावे, म्हणजे तवंग खड्ड्यातच राहतो. जवळ पिण्याच्या पाण्याची विहीर असल्यास खड्ड्याचा तळ पक्का बांधावा. जोराच्या पावसासाठी वरून स्वतंत्र सांडवा हवाच, अन्यथा साचलेला गाळ पुन्हा उसळून नदीत जाईल.

खड्ड्यातून निघालेले पाणी हरळी किंवा वाळा लावलेल्या उथळ, रुंद चरातून संथपणे न्यावे. येथे काळ्या मातीची एक अडचण आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, पहिले पाणी त्यांतून न गाळताच खाली उतरते आणि माती फुगल्यावर पाणी मुरणेच थांबते. त्यामुळे चराच्या तळाशी वाळू, पोयटा आणि कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणाचा हातभर थर द्यावा.

गाळ दरवर्षी मे महिन्यात काढावा, परंतु तो शेतात पसरू नये. धरणाचा गाळ शेतात नेण्याची आपल्याकडे चांगली रीत आहे, पण रस्त्याचा गाळ त्या जातीचा नव्हे.

प्रश्न : कच्च्या रस्त्यावरील धूळ बसावी म्हणून काही जण गॅरेजमधील जळके ऑइल शिंपडतात. त्याने अपाय होतो काय?

उत्तर : होतो. तेच ऑइल पुढच्या पावसात नाल्यात येते, आणि खड्डा व चर करून जे अडवायचे तेच आपण हाताने रस्त्यावर ओतल्यासारखे होते. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावे लागते. गॅरेजवाल्यांनी ते झाकणाच्या पिंपात, छपराखाली साठवावे; धुळीसाठी पाणी मारून मुरूम दाबून घेणे पुरेसे आहे.