बीव्हरची टोपी आणि सापळ्याची साखळी

प्रश्न : ताई, मुलांना उत्तर अमेरिकेचा इतिहास सांगताना फरच्या व्यापाराचा विषय निघाला. ‘टोप्यांसाठी बीव्हर, म्हणजे ओढ्यांवर बांध घालणारा एक केसाळ कुरतडणारा प्राणी, पकडत’ एवढं मी सांगितलं. मुलांनी लगेच विचारलं, एवढ्या मोठ्या नदीत तो सापडायचा कसा? आणि टोपी फरची, तर चित्रात तिच्यावर केस का नाहीत? मला दोन्ही सांगता आलं नाही.
– एक शिक्षिका

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, कारण ती वस्तू माझ्या हाताखालून गेलेली आहे. एका संग्रहालयात जुन्या कातडी आणि लोकरी वस्तूंची डागडुजी मी बरीच वर्षं केली. तिथे बीव्हरचं कमावलेलं अख्खं कातडं होतं आणि शेजारच्या कपाटात एक उंच काळी टोपी. कातड्यावर फुंकर घातली की वरचे लांब, राठ केस बाजूला होत आणि खालची राखाडी लव दिसे; इतकी दाट की बोट दाबलं तरी कातडीपर्यंत पोचत नसे. टोपी या लवेची. राठ केस उपटून टाकायचे, लव कापून घ्यायची आणि वाफ, गरम पाणी व दाब देऊन तिचा नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेलं जाड कापड, करायचा. लवेच्या केसांवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात ते सुटतच नाहीत. विणणं नाही, शिवणं नाही. सतराव्या शतकात तिथल्या मूळ रहिवाशांनी अंगावर वापरलेली कातडी कोऱ्या कातड्यांपेक्षा महाग जात. घासून घासून त्यांचे राठ केस आधीच गळालेले असत.

पुढे लव चटकन आवळून यावी म्हणून कारागीर तिला पाऱ्याचं नायट्रेट लावू लागले. त्याच्या वाफांनी त्यांचे हात थरथरत, बोलणं अडखळे. जुन्या टोप्यांत तो पारा अजून असू शकतो. मी हातमोजे घातल्याशिवाय त्या टोपीला कधी हात लावला नाही.

आता नदी. नदी मोठी असली तरी बीव्हर ती सगळी वापरत नाही. एका कुटुंबाचा एक पट्टा : स्वतःचा बांध, काटक्या-चिखलाचं घर, आणि पाण्यातून काठावर चढायच्या ठरलेल्या वाटा. रोज रात्री त्याच वाटेने ये-जा करून गवत आडवं होतं, चिखल गुळगुळीत होतो. सापळे लावणारा हे दुरून ओळखायचा. अशा वाटेच्या तोंडाशी, वीतभरही खोल नसलेल्या पाण्यात, तो जबडे उघडून लोखंडी सापळा ठेवायचा. वर साल काढलेली एक काडी खोचायची, तिच्या टोकाला कॅस्टोरियम, म्हणजे बीव्हरच्याच ग्रंथीतला उग्र वासाचा द्राव.

हा वास खाण्याचा नाही, हे मुलांना नक्की सांगा. बीव्हर आपल्या हद्दीवर चिखलाचे ढिगारे करून त्यांवर हाच वास सोडतो. परक्याचा वास आला की तो तपासायला जातोच. घर राखायला निघालेला प्राणी तिथे सापडायचा. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

पाय अडकला की घाबरलेला बीव्हर खोल पाण्याकडे पळतो, एरवी तिथेच तो सुरक्षित असतो. सापळ्याची साखळी म्हणूनच खोल पाण्यात मेख ठोकून बांधलेली असे. दोन-अडीच किलोचं लोखंड त्याला वर येऊ देत नसे. पाण्याखाली पंधराएक मिनिटं श्वास रोखू शकणारा हा प्राणी बुडून मरे. साखळी काठाकडे राहिली, तर पाय पिरगाळून तोडून तो निसटायचा.

हंगाम थंडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा. मधल्या काळात डोंगरातले ओढे गोठलेले असत.

फर विकत घेणाऱ्या हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली होती. १८२० च्या दशकात तिने वायव्य अमेरिकेतल्या स्नेक नदीच्या खोऱ्यात मुद्दाम एकही बीव्हर मागे ठेवायचा नाही असं धोरण घेतलं, म्हणजे अमेरिकन सापळेवाले पश्चिमेकडे सरकणार नाहीत. कंपनीच्या पीटर स्कीन ऑग्डेनच्या तुकड्या १८२४ पासून १८३० पर्यंत तिथले ओढे उपसत होत्या. बीव्हर गेले की बांधांची डागडुजी थांबते, बांध फुटतात, साचलेलं पाणी निघून जातं. म्हणून मी याला नुसती शिकार म्हणत नाही. पुढे रेशमी टोप्यांची फॅशन आली आणि मागणी ओसरली.

मुलांना एक गोष्ट नक्की आवडेल. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ७६ बीव्हर लाकडी पेट्यांत घालून विमानातून पॅराशूटने दुर्गम डोंगराळ भागात उतरवले, कारण खेचरांच्या पाठीवरून उन्हात नेताना ते दगावत. जमिनीला टेकल्यावर पेटी आपोआप उघडे. एक दगावला, बाकीचे सुखरूप उतरले.

वर्गात सापळ्याचं चित्र दाखवाल तेव्हा जबड्यांच्या आधी साखळीवर बोट ठेवा. संग्रहालयातली साखळी जवळजवळ माझ्या उंचीची होती. एवढी लांब कशाला, हे आधी मुलांनाच विचारा.